ध्रुपद धरणारे

बेसूर गाणाऱ्या माणसाला हसावे की न हसावे, हा प्रश्न वरकरणी फार क्षुल्लक वाटतो. नीतिविचार करणाऱ्यांनी सत्य, न्याय, अहिंसा अशा भारदस्त विषयांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहून ठेवले आहेत. पण चार सामान्य माणसे हौसेने एकत्र बसून गाऊ लागली, त्यांतल्या एकाचा सूर काही केल्या ठरल्या जागी पोहोचेना, तर उरलेल्यांनी त्याच्याशी कसे वागावे, या विषयाकडे थोरामोठ्यांचे सहसा लक्ष गेलेले नाही. वास्तविक आपल्यासारख्या बदलीच्या माणसांच्या आयुष्यात धर्मसंकटाचे महाप्रसंग क्वचितच येतात. प्रवासभत्त्याच्या बिलापुरती सत्याची कसोटी लागते, ती उतरली की आपण मोकळे. उलट परमुलखातील मंडळ, तेथला गणेशोत्सव, शनिवारचे भजन यांत आपण हटकून सापडतो, आणि हा क्षुल्लक प्रश्न तेथे दरवर्षी नव्याने उभा राहतो.

इंग्रजीत या प्रश्नाभोवती एक आख्खी कादंबरी रचलेली आहे, आणि ती विनोदी आहे. बी. ए. ला इंग्रजी घेतलेल्या पुष्कळांना थॉमस हार्डी ठाऊक असतो तो ‘टेस’चा आणि ‘ज्यूड’चा, माणसाला नियतीच्या चाकाखाली सावकाश रगडणारा. याच हार्डीने 1872 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, स्वतःचे नाव न घालता ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही लहानशी कादंबरी प्रसिद्ध केली. मेलस्टॉक नावाच्या कल्पित खेड्यातील चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गाणारावाजवणारा एक ताफा आहे. त्यात एक गाडीवान, त्याचा म्हातारा बाप, त्याचा तरुण मुलगा, एक जोडे शिवणारा आणि असेच आणखी काही गावकरी आहेत. आठवडाभर कष्ट करावेत आणि रविवारी चर्चच्या सज्जात उभे राहून व्हायोलिने वाजवीत देवाचे स्तवन करावे, हा त्यांचा क्रम. तंतुवाद्यांखेरीज इतर वाद्ये देवाच्या सेवेला योग्य नव्हेत, अशी त्यांची ठाम समजूत आहे. क्लॅरिनेट शिरली तेथे चर्चसंगीताचा ऱ्हास सुरू झाला, असे ते एकमेकांना गंभीरपणे सांगतात. नाताळच्या आदल्या रात्री कंदील घेऊन ते घरोघर गात फिरतात. एका शेतमालकाचे डोके दुखत असते. तो खिडकीतून ओरडतो की हा गलबला बंद करा. त्यावर गाडीवान आपल्या लोकांना हुकूम देतो तो एवढाच, की आणखी जोराने वाजवा.

हसू येते ते येथे. आपल्याला गाता येते की नाही, हा प्रश्नच या मंडळींच्या मनात कधी उद्भवलेला नाही. वाडवडील गात होते, म्हणून आपण गातो. त्यांच्यात लीफ नावाचा एक अर्धवट बुद्धीचा पोर आहे. आपल्याला डोके म्हणून नाहीच, हे तो स्वतःच जाहीरपणे मान्य करतो, आणि बाकीचेही ते त्याच्या तोंडावर, जणू हवापाण्याविषयी बोलावे तसे बोलतात. तथापि त्याला वगळावे ही कल्पना कोणाला सुचत नाही. पाद्र्याकडे शिष्टमंडळ जाते तेव्हा लीफही बरोबर असतो. शेवटी लग्नाच्या दिवशी तो धुतलेला डगला घालून येतो आणि मलाही बरोबर घ्याल काय, असे विचारतो. घेतात. तेथे तो एक गोष्टही सांगतो. ती एका माणसाने दहा पौंडांचे वाढवत वाढवत हजार पौंड केले एवढीच आहे, आणि सर्व मंडळी ती नीट ऐकून घेतात.

या ताफ्यावर संकट येते ते कोणा दुष्टाच्या हातून नव्हे. गावात नवा तरुण पाद्री आला आहे, शाळेवर नवी मास्तरीण आली आहे, तिला ऑर्गन वाजवता येतो. एका माणसाने व्यवस्थित वाजवलेला ऑर्गन या सज्जातल्या खरखरीपेक्षा अधिक शोभेल, असे पाद्र्याला वाटते, आणि त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे वाचकालाही म्हणवत नाही. तो सभ्य आहे. शिष्टमंडळाशी बोलताना तोच अधिक गोंधळतो. आपले काम संपणार हे गाडीवान मान्य करतो. त्याची मागणी एवढीच, की ते कोणत्या तरी बिननावाच्या रविवारी संपू नये. निदान नाताळपर्यंत मुदत मिळावी, म्हणजे गाजतवाजत जाता येईल. घासाघीस होते, आणि सप्टेंबरअखेरीच्या मायकेलमस सणावर तडजोड ठरते. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे प्रकरण विशेष कळेल. पद रद्द होणार हे ठरल्यावर आस्थापना शाखेत जाऊन, आदेश अमुक तारखेपासून अंमलात आणा, एवढेच मागणारा कर्मचारी आपण पाहिलेला आहे. त्या तारखेत पैशाचा लाभ नसतो. आपले संपणे कोणाच्या तरी ध्यानात यावे एवढाच तिचा अर्थ.

आणि मग तो दिवस उजाडतो. सज्जा रिकामा आहे. जुनी मंडळी खाली, आपापल्या बायकांशेजारी, इकडेतिकडे विखरून बसली आहेत. वर्षानुवर्षे हातात वाद्य होते. आज ते हात कोठे ठेवावेत हे त्यांना उमगत नाही. हार्डीने हे दोनचार ओळींत सांगून टाकले आहे आणि तो लगेच मास्तरणीच्या प्रेमकथेकडे वळला आहे. मला मात्र सारी कादंबरी त्या रिकाम्या हातांपाशी थांबलेली वाटते.

हार्डीलाही पुढे तसेच वाटले असावे. त्याचे आजोबा आणि वडील स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये अशाच ताफ्यात वाजवीत. 1840 मध्ये जन्मलेला हार्डी तान्हा असतानाच तो ताफा मोडला. म्हणजे ज्यांना त्याने हसवण्यासाठी उभे केले, ती त्याच्या घरची माणसे. 1896 च्या प्रस्तावनेत त्याने या लोकांचा हिशेब मांडला आहे: मिळकत जवळजवळ नाहीच, मिळेल ती तारा, राळ, डागडुजी आणि कागद यांतच जाई, तो कागदही बहुधा ते स्वतःच आखीत. स्वरलेखनाच्या वहीत एका टोकाकडून स्तोत्रे आणि दुसऱ्या टोकाकडून नाचाच्या चाली लिहिलेल्या, दोन्ही मध्यावर येऊन भिडत. ताफा गेल्याने संगीत सुधारले असेल, पण पूर्वी रविवारच्या उपासनेत ज्यांचा हात होता ती माणसे केवळ प्रेक्षक झाली आणि गावाचे चर्चमधले लक्ष उडाले, असे तो तेथे नमूद करतो. 1912 मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्याने आणखी काही ओळी जोडल्या. त्यांचा आशय असा, की हा विषय आपण फार हलक्या हाताने, क्वचित थिल्लरपणानेही हाताळला. त्यातून अधिक खोल असे काही निघू शकले असते.

आता प्रश्न असा, की या वृद्ध हार्डीचे म्हणणे मान्य करावे काय? हसणे हा त्या माणसांचा अवमान होता काय? मला तसे वाटत नाही. हसणाऱ्याचे आसन कोठे आहे, यावर सगळे अवलंबून असते. गाणाऱ्यांच्या ओळीत उभे राहून हसणे आणि समोरच्या खुर्चीत बसून हसणे, यांत फार अंतर आहे. ओळीतल्याला ठाऊक असते की दोन ओळींनंतर घसरण्याची पाळी आपली आहे. खुर्चीतल्याला ती भीती नसते. मराठी विनोदाची जी परंपरा आपण लाडाने जपतो, तीतला उत्तम भाग ओळीतला आहे. बडोद्याला पालीचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोश्यांनी चिमणरावाला स्वतःच्याच तोंडून फजिती सांगायला लावले. (परमुलखात राहून मराठी माणसाला हसवणाऱ्यांत त्यांचा मान पहिला, हे आपण जाता जाता लक्षात ठेवावे.) पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये, 1958 मध्ये, चाळकऱ्यांच्या नाना उपक्रमांवर आपण पोट धरधरून हसतो, पण शेवटी ‘एक चिंतन’ येते आणि ती चाळच जाणार या जाणिवेने हसणारा गंभीर होतो. हार्डीने चाळीस वर्षांनी प्रस्तावनेत केले, ते पु. लं. नी त्याच पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात करून टाकले.

हे सर्व मी पुस्तकी कुतूहलाने लिहीत नाही. अण्णा नगरात आमचे एक भजनी मंडळ आहे, आणि त्याचा चिटणीस या नात्याने या विषयावर एक टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते.

अण्णा नगर हा चेन्नईतला आखीवरेखीव भाग; 1968 मध्ये येथे जागतिक व्यापार प्रदर्शन भरले, त्याचा उंच मनोरा अजून उद्यानात उभा आहे, आणि वसाहतीला अण्णादुरै यांचे नाव आहे. येथल्या सरकारी निवासस्थानांत आणि आसपासच्या भाड्याच्या घरांत आमची नऊ मराठी कुटुंबे सापडली. कोणी लेखा विभागात, कोणी आयकरात, कोणी सीमाशुल्कात, एक रेल्वेत. दर शनिवारी साडेसहाला कोणाच्या तरी दिवाणखान्यात भजन होते. पेटी पुण्याहून गाडीतून आणलेली. येथल्या दमट हवेने तिच्या दोन पट्ट्या दाबल्या असता बोलत नाहीत आणि एक न दाबता बोलते. तबला वाजवणाऱ्या गृहस्थांची जूनमध्ये शिलाँगला बदली झाली. तेव्हापासून ठेका मोबाइलमधून येतो. तो आमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे दर अभंगाच्या शेवटी तो आणि आम्ही निरनिराळ्या वेळी पोहोचतो. गाणे रीतसर शिकलेल्या एकच बाई मंडळात आहेत, त्या कोल्हापूरच्या. त्यांच्या चेहऱ्यावर शनिवारी जी सोशिकता दिसते, ती मी फक्त निवृत्तिवेतनाच्या रांगेत पाहिली आहे.

आणि नाना आहेत. लेखापरीक्षणातून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. ते सर्वांच्या अगोदर सुरू करतात, एक स्वर खाली सुरू करतात, आणि त्यांचा आवाज आम्हा आठ जणांना पुरून उरतो. कथाकादंबऱ्यांत अशा माणसाजवळ काही तरी गुप्त गुण ठेवलेला असतो. लीफचासुद्धा वरचा सूर पक्का होता. नानांजवळ तसे काही नाही. त्यांना अभंग पाठ आहेत असे म्हणावे, तर ते दुसऱ्या कडव्यानंतर चौथे म्हणतात. ताल सांभाळतात म्हणावे, तर टाळ त्यांच्या हातून काढून घेण्याचा ठराव दोन वर्षांपूर्वीच झाला आहे. ते फक्त येतात. भजन साडेसहाला असले तर पावणेसहाला येतात, आणि यजमानीण स्वयंपाकघरात असेपर्यंत एकटेच बसून सतरंजीची टोके सरळ करतात.

वर्षानुवर्षे हे निर्वेध चालू होते. बिघाड झाला तो एका ध्वनिमुद्रणाने. गणेशोत्सवात व्यासपीठावर दहा मिनिटे मिळणार असे ठरल्यावर कोणी तरी उत्साहाने सरावाचे गाणे मोबाइलवर घेतले आणि रात्री सर्वांना पाठवले. ओळीत बसून गाताना जे गाणे भरघोस, प्रासादिक वाटत असे, ते प्रत्येकाने आपापल्या घरी, काना जवळ यंत्र धरून ऐकले. आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना भेटताना आम्ही थोडे ओशाळलो. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की मेलस्टॉकच्या ताफ्याने स्वतःला बाहेरून कधीच ऐकले नव्हते. त्यांना सज्जातून खाली आणण्यास पाद्री लागला. आता तो पाद्री प्रत्येकाच्या खिशात आहे. ध्वनिमुद्रण माणसाला ओळीतून उचलून खुर्चीत बसवते, आणि खुर्चीत बसलेला माणूस प्रथम जे करतो तेच आम्ही केले: दोष कोणाचा हे शोधले.

बैठक झाली. नानांना कसे सांगावे याविषयी पुष्कळ सद्भाव व्यक्त झाला. एकाने सुचवले की त्यांना अध्यक्ष करावे, म्हणजे ते समोर पहिल्या रांगेत बसतील. दुसऱ्याने सुचवले की त्यांच्याकडे निवेदन द्यावे. आपल्या कार्यालयांतही नकोशा माणसाला अनेकदा याच मार्गाने, बढती देऊन हलवले जाते. त्यामुळे कोणाला त्यात काही गैर दिसले नाही. सभ्य माणसे सभ्यपणे एक सुधारणा करीत होती. ‘चिटणिसांनी योग्य शब्दांत टिपण करावे,’ असे ठरले. योग्य शब्द माझ्याजवळ भरपूर असतात. माझी नोकरीच त्यांवर चालते. अडले ते दुसरीकडे. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला आपण कोणत्या गोष्टीतून काढतो आहोत, हेच मला नक्की सांगता येईना. गाण्यातून म्हणावे, तर गाणे त्याला येतच नव्हते.

येथे चेन्नईतल्या शेजाऱ्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या वसाहतीपासून थोड्या अंतरावर तमिळ मंडळींचे नामसंकीर्तन होते, आणि त्यात अभंग गातात. येथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला याचे मोठे आश्चर्य वाटते. वस्तुतः तंजावरला 1670 च्या दशकात व्यंकोजीराजांनी आणलेली मराठी सत्ता 1855 पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकली. तिच्याबरोबर रामदासी मठ आले, कीर्तन आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांचे कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतांनी आपल्या हरिकथेला घाट दिला; साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते त्या तमिळ कथेत स्थिरावली. भजनाच्या ठरलेल्या क्रमातही विठ्ठलाला हक्काची जागा मिळाली. हे गाणारे मराठी जाणत नाहीत. त्यांच्या पुस्तकांत अभंग तमिळ लिपीत छापलेले असतात, आणि त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. काही पुस्तके अक्षरावर 2, 3, 4 असे बारीक आकडे घालून भेद दाखवतात. घाईत ते आकडे कोण पाहतो? तेव्हा ‘भाव’ हा शब्द ‘पाव’ असा ऐकू येतो आणि आमच्या मंडळींत खसखस पिकते. (ळ मात्र ते असा नेटका उच्चारतात, की दिल्लीत चार वर्षे काढलेल्या माणसाचे कान तृप्त व्हावेत.)

त्या भजनाची मांडणी मी काळजीपूर्वक पाहिली. भागवतर एक ओळ गातात, ती सर्वजण उचलतात. पुढे गाणाऱ्याने सुरात असलेच पाहिजे. तेथे दयामाया नाही. मागे उचलणाऱ्यांत मात्र कोणीही असावे. तेथे सेवानिवृत्त न्यायाधीशही असतो आणि नुकताच चालू लागलेला पोरही. पन्नास आवाजांत पाचसात वाट चुकलेले असतात, आणि ते ऐकू येत नाहीत असे नाही. पण पुढची ओळ लगेच येते आणि त्यांना पुन्हा जागेवर आणते. पापनाशम शिवन् (1890–1973) यांच्यासारखा श्रेष्ठ वाग्गेयकार मार्गळी महिन्यातील पहाटे मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून भजन करीत जाई. मागे येणाऱ्यांची परीक्षा घेतली जात नसे.

ही रीत आपल्याला परकी नाही. आपणच ती विसरलो आहोत. आषाढी वारीच्या दिंडीत वीणेकरी असतो, मृदंग असतो, टाळकऱ्यांच्या ओळी असतात, आणि श्रोता म्हणून वेगळा कोणी नसतो. कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरणारे असत, आणि ते काम कमीपणाचे मानले जात नसे. तुकोबांसारख्यांनीही आरंभी गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले, असे त्यांच्याच आत्मकथनपर अभंगावरून दिसते. आम्ही मात्र दिवाणखान्यात नऊ जण बसून नऊही जण पुढचे गायक झालो होतो. ज्या पंक्तीत मागची ओळच नाही, तेथे नानांनी बसावे कोठे?

तथापि परंपरेचा हवाला देऊन मोकळे होणे मला पटत नाही, कारण परंपराही माणसे वगळते, आणि सुराच्या कारणावाचून वगळते. तिरुवैयारला त्यागराजांच्या समाधीपाशी दरवर्षी पुष्य बहुल पंचमीला पंचरत्न कृती सर्वजण मिळून गातात. थोर विद्वान आणि कालपरवा शिकू लागलेले समोरासमोर ओळींत बसतात. समूहगायनाचे याहून मोठे उदाहरण या प्रांतात नाही. पण त्या ओळींत स्त्रियांना जागा नव्हती. जिने स्वतःचे द्रव्य खर्चून 1925 मध्ये समाधीचे मंदिर उभे केले, त्या बंगळूर नागरत्नम्मांना (1878–1952) तेथे गाण्यासाठी झगडावे लागले. सुरात त्या पुष्कळांना धडा देऊ शकल्या असत्या. त्या देवदासी कुळातल्या, आणि स्त्री, एवढेच कारण. 1940 च्या सुमारास निरनिराळ्या गटांचा समेट होऊन उत्सव एक झाला. ‘दर्जा’, ‘पावित्र्य’, ‘शिस्त’ हे शब्द मंडळांच्या बैठकांत येऊ लागले की मला नागरत्नम्मा आठवतात. नानांची आणि त्यांची तुलना करणे हास्यास्पद आहे, हे मी जाणतो. त्यांना गाता येत होते, नानांना येत नाही. परंतु वगळणाऱ्यांची भाषा दोन्हीकडे सारखीच सौम्य असते.

आता दुसरी बाजू. ती कोल्हापूरच्या बाईंनी बैठकीत मांडली, आणि मी ती जशीच्या तशी येथे देतो, कारण तिला उत्तर देणे सोपे नाही. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही सगळे नानांच्या मनाचा विचार करता. अभंगाच्या मनाचा कोणी विचार केला आहे का? लिहिणाऱ्याने एकेक शब्द तोलून लिहिला, चाल लावणाऱ्याने एकेक स्वर शोधला. आपण तो दर शनिवारी मोडतो आणि त्याला प्रेम म्हणतो. माझी मुलगी आता भजनाला येत नाही. ती म्हणते, आई, तिथे गाणं नसतंच.’ कोणी काही बोलले नाही. त्या मुलीचे वय अकरा आहे. परमुलखात वाढणाऱ्या पोरीच्या कानावर मराठी गाणे पडण्याची जागा आमच्या दिवाणखान्याखेरीज दुसरी नाही, आणि तेथून ती निघून गेली, ही गोष्ट नानांच्या दुखावण्याहून लहान आहे असे मला म्हणता येत नाही. कलेचा स्वतःचा म्हणून एक हक्क असतो. तो मान्य न करणारा चांगुलपणा ऐदी असतो. त्याला सराव नको असतो, म्हणून तो समतेच्या गोष्टी बोलतो. आमच्यापैकी किती जण नानांच्या आडोशाला बसून स्वतःचा सूर लपवीत होते, हे ध्वनिमुद्रणात पुरेसे स्पष्ट झाले होते.

परंतु बाईंच्या मुद्द्याचे उत्तर नानांना अध्यक्ष करण्यात नाही, हेही तितकेच खरे. पाद्र्याने संगीताचा विचार केला, आणि तो बरोबर केला. त्या लोकांच्या रविवारांचे काय होणार, एवढाच प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. ऑर्गन आणूनही सज्जात चार व्हायोलिने राहू शकली असती काय, याची चौकशी कोणी केली नाही. कारण सुधारणा म्हटली की जुने पद रद्द झालेच पाहिजे, ही सवय केवळ आपल्या खात्यांचीच नव्हे. जो श्रोता तिकीट काढून येतो, त्याच्यापुढे नानांना बसवणे ही फसवणूक होईल. आमच्यापुढे बसणारे श्रोते म्हणजे आमचीच मुले, मेहुणे आणि खालच्या मजल्यावरचे एक तमिळ जोडपे. त्यांचे आम्ही काय लागतो? दहा मिनिटांचे स्वच्छ गाणे लागतो, की वर्षातले बावन्न शनिवार? मला वाटते, काही प्रमाणात दोन्ही. आणि ते प्रमाण दर मंडळाने, आपल्याकडे कोण कोण आहे हे पाहून, स्वतःच ठरवावे लागते. त्याला सर्वसाधारण परिपत्रक लागू पडत नाही.

टिपण मी लिहिले. ते तीन ओळींचे झाले. व्यासपीठावर सर्व सभासद बसतील. ओळ प्रथम एकट्या बाई म्हणतील आणि बाकीचे ती उचलतील. त्यासाठी पुढच्या ओळीत चौघे, मागच्या ओळीत पाच, आणि ध्वनिक्षेपक बाईंपुढे एकच. सराव शनिवारखेरीज बुधवारीही होईल आणि तो पुढच्यांना व मागच्यांना सारखाच सक्तीचा राहील. यावर दोन दुरुस्त्या आल्या. बुधवारी गोडधोड करू नये ही एक, आणि बाईंच्या मुलीला पेटीवर बसवावे ही दुसरी. दोन्ही मंजूर झाल्या. मुलीने अद्याप होकार दिलेला नाही; पेटीच्या दोन मुक्या पट्ट्या आधी दुरुस्त करा, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते रास्त आहे.

नानांना मागच्या ओळीतली मधली जागा दिली. त्यांनी टिपण दोनदा वाचले, लेखापरीक्षकाच्या सवयीने समासात बरोबरच्या खुणा केल्या, आणि एकच हरकत नोंदवली: गाण्याची पट्टी काळी दोन का? त्यांचा आवाज पांढरी सहाला अधिक मोकळा लागतो, असे ते म्हणतात. यावर चर्चा झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. येत्या शनिवारी साडेसहाला बैठक आहे. नाना पावणेसहाला येतील.